परक्या महानगरात पायी फिरताना या चुका टाळा

चार-पाच दिवस पायपीट करूनही अनेकांना शहर उमगत नाही. प्रेक्षणीय स्थळं पाहून होतात, पण एका ठिकाणाहून दुसरं कुठल्या दिशेला, हे विचारलं की उत्तर सुचत नाही. माझ्या मते याचं मुख्य कारण पुढचंच आहे.

मेट्रोच्या नकाशावरून अंतर ठरवणं

हॅरी बेक यांनी आखलेला लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा १९३३ मध्ये प्रवाशांच्या हाती आला. अशा नकाशात स्थानकांचा क्रम आणि गाडी कुठे बदलायची ते चटकन कळतं. खरं अंतर कळत नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही स्थानकं ३०० मीटरही लांब नाहीत, तरी परके प्रवासी खाली उतरून गाडीची वाट पाहतात. जमिनीखालून गेलं की मधल्या गल्ल्या, वळणं, चढ-उतार काहीच दिसत नाही आणि दोन जागा मनात जोडल्या जात नाहीत. म्हणून आधी प्रमाणबद्ध नकाशा बघा. अंतर दोन किलोमीटरच्या आत असेल तर चालत जा. लांब जायला मेट्रो खुशाल घ्या, पण उतरल्यावर तो एकच भाग मनसोक्त फिरा.

शहराची आखणी न समजून घेता निघणं

पॅरिसमध्ये सीन नदीकडून निघणाऱ्या रस्त्यांवर घरांचे क्रमांक नदीपासून वाढत जातात, नदीला समांतर रस्त्यांवर प्रवाहाच्या दिशेने. एवढं ठाऊक असलं की चार दारांवरचे आकडे वाचून नदी कुठे आहे ते सांगता येतं! मॅनहॅटनचा बराचसा भाग १८११ च्या आराखड्याप्रमाणे चौकटीत बसवलेला आहे. तिथे उत्तर-दक्षिण चालताना वीस चौक म्हणजे साधारण एक मैल. पूर्व-पश्चिम चौक मात्र बरेच लांब असतात, त्यामुळे 'फक्त पाच चौक' हा हिशेब फसतो. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत, पत्ता इमारतींच्या गटाच्या क्रमांकावर चालतो. तिथे रस्त्याचं नाव शोधण्यात वेळ घालवू नका. कोबान म्हणजे कोपऱ्यावरची छोटी पोलीस चौकी गाठा, रस्ता दाखवणं हे तिथलं रोजचं काम आहे.

निळ्या ठिपक्याच्या मागे जाणं

उंच इमारतींवरून उपग्रहाचे संदेश परावर्तित होतात आणि फोनवरचा ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. चौकात थांबून दोन्ही रस्त्यांच्या पाट्या वाचा, मगच वळा. फूटपाथवरचे नकाशे जरूर वापरा, पण लंडनमधल्या अशा फलकांवर वरची बाजू उत्तर नसते. तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे आहात ती दिशा वर असते. हे न कळल्यामुळे लोक उलट चालू लागतात.

सवयीनुसार रस्ता ओलांडणं

वाहनं उजवीकडून चालतात अशा देशात जवळची गाडी डावीकडून येते, म्हणून आधी डावीकडे बघा. ॲमस्टरडॅममध्ये लालसर पट्टा सायकलींचा असतो. फोटोसाठी तिथे उभं राहू नका.

नवे बूट घालून जाऊ नका, हे सांगायला नकोच. टाच हुळहुळू लागताच पट्टी लावा. फोड आल्यावर उशीर होतो.

इतकं करूनही वाट चुकलीच, तर अंदाजाने पुढे जात राहू नका. शेवटच्या ओळखीच्या चौकापर्यंत मागे या आणि तिथून दुसरी दिशा धरा.