फटी आधी, फोम नंतर

नौपाड्यात माझं टॅक्स रिटर्न भरण्याचं छोटं ऑफिस आहे. मधे प्लायचं पार्टिशन, पलीकडे विम्याची कामं करणारे काका. ३१ जुलैच्या आधीची गर्दी, समोर क्लायंट दबक्या आवाजात भाड्याचं उत्पन्न सांगतोय आणि पलीकडून, "मॅच्युरिटीला किती येतात बघा तरी!" मग डोक्यात प्रकाश पडला: आपलंही तिकडे इतकंच ऐकू जात असणार.

आधी मी अडीच हजारांचा काळा फोम भिंतीला चिकटवला. माझ्या खोलीतला घुमारा गेला, काका मात्र आणखी स्पष्ट ऐकू येऊ लागले. फोम खोलीतला आवाज शोषतो, पलीकडचा अडवत नाही. अंड्यांचे ट्रेही अडवत नाहीत.

खरं काम फटी शोधायचं. संध्याकाळी माझे दिवे मालवले, काकांचे चालू ठेवले. पार्टिशनच्या खालून आणि स्विचबोर्डाच्या कडेने उजेडाच्या रेघा दिसल्या. मग स्टुलावर चढून फॉल्स सीलिंगची टाइल उचलली, तर पार्टिशन तिथेच संपलेलं! वर स्लॅबपर्यंत दीड फूट मोकळं. काका तिथूनच येत होते.

त्या दीड फुटात पत्र्याच्या चॅनलवर दोन्ही बाजूंनी साडेबारा मिमीचा जिप्सम बोर्ड आणि मधे ५० मिमी रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, बसवून घेतलं. थर्माकोल भरू देऊ नका. हलका असल्याने आवाज अडवत नाही, शिवाय पेटतो. रॉकवूल खाजतं, मास्क आणि हातमोजे हवेतच. वायरी, एसीचे पाइप जातात तिथे सुतार भोक पाडून मोकळा होतो. टाइल परत बसवायच्या आत स्वतः बॅटरी घेऊन बघा, सीलंट भरून घ्या. दोन्हीकडचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून होते, त्यामुळे आवाज आरपार यायचा. इलेक्ट्रिशियनकडून माझा दोन फूट सरकवला.

दाराच्या तळाला रबरी पट्टी. दारात कागद धरून दार लावा; ओढल्यावर अलगद निघाला तर पट्टी अजून खाली हवी.

फोम धरून साडेअकरा हजार गेले. फोमचे सोडून अर्धे काकांनी दिले.

आता बोलणं नुसतं पुटपुटल्यासारखं येतं, शब्द लागत नाहीत. त्यांचा फोन थरथरला की मात्र अजून कळतं, कारण त्यांचं टेबल पार्टिशनला टेकलेलं आहे. दोन इंच पुढे ओढा म्हटलंय. "बघू," म्हणालेत.