माल्मोचा स्वयंपाकी, कोपनहेगनचं प्रमाणपत्र: कामातून शिकलेलं कसं मोजून घ्यायचं

स्वीडनमधल्या माल्मोच्या हॉटेलात सहा-सात वर्षं शेगडीपुढे काढलेल्या माणसाला पूल ओलांडून डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये स्वयंपाकी म्हणून रीतसर प्रमाणपत्र घ्यायचं असेल, तर त्याला पहिल्या यत्तेपासून बसावं लागत नाही. कामातून आलेलं कसब मोजून घेण्याची सोय दोन्हीकडे आहे. स्वीडनमध्ये तिला ‘वालिडेरिंग’ म्हणतात, डेन्मार्कमध्ये ‘रेआलकॉम्पेटन्स’ तपासणी. मात्र स्वीडिश तपासणी स्वीडिश अभ्यासक्रमाशी ताडून होते आणि डॅनिश शाळा आपल्याच उद्दिष्टांशी ताडते, त्यामुळे अलीकडचा निकाल पलीकडे आपोआप चालत नाही. त्यामागचे पुरावे मात्र चालतात.

म्हणून बायोडेटा लिहायला बसू नका. आधी हव्या त्या डॅनिश शिक्षणक्रमाची उद्दिष्टं शाळेकडून मागवा, एकेक उद्दिष्ट डाव्या रकान्यात लिहा आणि त्यासमोर तुम्ही काय करता व त्याचा पुरावा कोणता, ते भरा. युरोपीय संघाच्या 2012 च्या शिफारशीत ओळख, नोंद, तपासणी आणि प्रमाणपत्र असे चार टप्पे आहेत. बहुतेक अर्ज दुसऱ्यातच लंगडे पडतात.

‘सात वर्षं स्वयंपाकी’ या ओळीतून तपासनिसाला काहीच कळत नाही. ‘रोज 80 जणांचं दुपारचं जेवण, चिकनच्या मध्यभागी थर्मामीटर घालून तापमान नोंदवहीत, 14 ॲलर्जनांचा तक्ता मेन्यू बदलला की मी बदलतो’ असं लिहिलं की त्याला पुढचे प्रश्न सुचतात. सोबत नोंदवहीच्या दोन-तीन पानांच्या प्रती (सहकाऱ्यांची नावं झाकून), मेन्यू, स्वच्छता-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र.

मालकाकडून कागद घेताना नाव नीट सांगा. स्वीडनमधलं ‘आर्बेत्सयीवारइंतिग’ बेरोजगारी विम्यासाठी असतं. त्यात तास आणि पगार असतात, काम नाही. तुम्हाला हवं ते ‘आर्बेत्सइंतिग’, म्हणजे कामाचा दाखला, आणि तोही कामांच्या तपशिलासह. आपल्याकडच्या अनुभवपत्राचंही तेच दुखणं: अमुक ते अमुक तारखेपर्यंत नोकरीस होते, वर्तणूक चांगली. पुण्यातल्या जुन्या मालकाकडून आणायचंच असेल, तर मसुदा तुम्हीच लिहून पाठवा.

डेन्मार्कमध्ये वयाची 25 वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी ‘ईयूव्ही’ हा प्रौढांच्या व्यावसायिक शिक्षणाचा मार्ग आहे आणि त्यात तपासणी सक्तीची आहे. किमान दोन वर्षांचा संबंधित अनुभव मान्य झाला, तर पायाभूत भाग आणि कंपनीतली उमेदवारी दोन्ही सुटतात. अनुभव त्याहून कमी पण आधीचं शिक्षण असेल, तर मार्ग थोडा लांबतो. दोन्ही नसेल तर बराचसा अभ्यासक्रम करावा लागतो. कोणता अनुभव संबंधित, हे त्या त्या शिक्षणक्रमाच्या नियमावलीत असतं. ती वाचल्याशिवाय नोकरीचा राजीनामा देऊ नका. पूर्ण प्रमाणपत्र नको, एखाददुसरा अल्पकालीन ‘एएमयू’ (नोकरदार प्रौढांसाठीचा कौशल्य) कोर्सच मान्य करून घ्यायचा असेल, तर तिथली तपासणी अर्धा ते पाच दिवसांत उरकते.

दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी, म्हणून गाफील राहू नका. स्वीडिश ‘फ्रुकोस्त’ म्हणजे न्याहारी, डॅनिश ‘फ्रोकोस्ट’ म्हणजे दुपारचं जेवण. ‘80 जणांची फ्रुकोस्त’ असं लिहिलेला स्वयंपाकी तपासनिसाच्या लेखी भलत्याच वेळेचं काम करत होता. तपासणी कोणत्या भाषेत होईल आणि हाताने करून दाखवायचं आहे का, हे तारीख घेतानाच विचारा.

निकालात काही उद्दिष्टं नाकारली, तर प्रत्येकामागचं कारण लेखी मागा. ‘पुरावा अपुरा’ असेल तर कागद जोडून भागू शकतं. ‘कौशल्य नाही’ असेल तर तेवढाच भाग शिकावा लागेल.

रुग्णसेवेतल्यांनी हे सगळं जसंच्या तसं लावू नये. स्वीडनमध्ये ‘उंदरशेतर्स्का’ (सहायक परिचारिका) हे पदनाम 1 जुलै 2023 पासून संरक्षित आहे, म्हणजे अधिकृत मान्यतेशिवाय वापरता येत नाही, आणि डेन्मार्कमध्ये सामाजिक-आरोग्य सहायकाला स्वतंत्र अधिकृत परवाना लागतो. शाळेने अनुभव मोजला म्हणून तो परवाना मिळत नाही; त्यासाठी रुग्णसुरक्षा खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो.