हाडं जुळली, आता फुप्फुस बघा

रेडिओथेरपीत नवीन लागलेल्या टेक्नॉलॉजिस्ट पोरापोरींसाठी लिहितेय. सीबीसीटी (उपचाराआधी मशीनवरच घेतलेलं स्कॅन) घेणं, ते प्लॅनिंगच्या सीटीशी मॅच करणं, काऊच (पेशंटचा पलंग) सरकवणं तुम्हाला येतंच. मला बोलायचंय ते त्याच स्कॅनमध्ये दिसणाऱ्या फुप्फुसाच्या संसर्गाबद्दल.

सगळी गोम विंडोत आहे, म्हणजे स्क्रीनवर कुठल्या करड्या छटा दाखवायच्या त्या सेटिंगमध्ये. मॅचिंग करताना आपण हाडांच्या नाहीतर सॉफ्ट टिश्यूच्या विंडोत असतो. तिथं फुप्फुस नुसतं काळं दिसतं. सुरुवातीचा न्यूमोनिया म्हणजे आरशावर वाफ धरावी तसा पुसट डाग, तो त्या काळ्यात गडप होतो. मणके जुळले, ऑटोमॅच झालं, बीम सुरू. उद्या परत तेच. म्हणून मॅचिंग आटोपलं की लंग विंडो लावा: रुंदी १५००, लेव्हल उणे ६०० च्या आसपास. सीबीसीटीत एचयू (घनतेचे आकडे) नेमके येत नाहीत, लेव्हल थोडी हातानं हलवावी लागते. मग वरपासून खालपर्यंत एकदा जा. बाहेर रांग असली तरी जा. नुसत्या ऑटोमॅचवर विसंबणारा माणूस मला या कामात नकोच वाटतो.

आपल्याकडं तंबाखूमुळं तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट ढिगानं. त्यांच्या स्कॅनमध्ये अगदी खाली फुप्फुसांची वरची टोकं येतात आणि टीबी बहुतेकदा तिथंच धरतो. अन्ननलिकेच्या पेशंटमध्ये ठसका लागून अन्न खाली उतरतं, तेव्हा उजवा खालचा भाग आधी बघा.

दिसलेला प्रत्येक डाग संसर्ग नसतो, घाबरू नका. स्कॅनला मिनिटभर लागतं, तेवढ्यात श्वासानं चित्र पुसट होतं. पहिल्या दिवसाचा सीबीसीटी आणि प्लॅनिंग सीटी शेजारी लावा. रोज वाढणारा डाग खरा. रेडिएशन न्यूमोनायटिस, म्हणजे रेडिएशननं फुप्फुसाला येणारी सूज, सहसा उपचार संपल्यावर १ ते ३ महिन्यांनी, बीमच्या वाटेतच येतो. उपचार चालू असताना, बीमच्या वाटेबाहेर काही उगवलं तर आधी संसर्गाचा विचार.

ताप नाही म्हणून निवांत राहू नका. केमोनं पांढऱ्या पेशी उतरल्या की ताप येईलच असं नाही. जालन्याकडची एक मावशी काऊचवर झोपता झोपता म्हणाली, "बाई, आडवं झालं की दम लागायलाय." असलं वाक्य कानावर पडलं की त्या दिवशीचं स्कॅन दोनदा बघा.

निदान आपलं काम नाही. डॉक्टरांना "न्यूमोनिया आहे" म्हणू नका. "सर, परवापेक्षा उजव्या खालच्या भागात पांढरं वाढलंय, स्लाइस बघता का" एवढं म्हणा, आणि बीम सुरू करण्याआधी म्हणा. सुरुवातीला जीभ अडखळते, माझी अजूनही अडखळते. टीबीची शंका असली तर थुंकीचा रिपोर्ट येईपर्यंत पेशंटला मास्क द्या आणि डॉक्टरांना विचारून शेवटचा स्लॉट लावा. वेटिंगमध्ये शेजारी बसलेल्यांच्याही पेशी उतरलेल्या असतात.