जर्मनीत घरच्या बागेत गोड चेरी लावायची असेल तर

जर्मनीत ज्यांची छोटी बाग आहे किंवा ज्यांनी श्रेबरगार्टन (वसाहतीतला बागेचा छोटा तुकडा) भाड्याने घेतलंय त्यांनी गोड चेरी जरूर लावा, फक्त नर्सरीत फोटो बघून झाड उचलू नका. लेबलवर दोन गोष्टी वाचा, खुंट (ज्यावर कलम बांधतात तो खालचा मुळांचा भाग) कुठला आणि व्हरायटी कुठली, पुढचं सगळं यावरच ठरतं.

आधी खुंट. रानचेरीच्या खुंटावरचं कलम आरामात १० मीटर किंवा त्याच्याही वर जातं, बव्हेरियात फोर्खहाइमच्या बाजूला फ्रँकिश स्वित्झर्लंड नावाच्या भागातल्या जुन्या बागांमध्ये तसली उंच झाडं आहेत आणि शिडी लावूनच फळ काढावं लागतं. घरच्या बागेत ते झेपत नाही, वरून जाळी टाकणंही अशक्य. गिझेला ५ घ्या. गीसनच्या युनिव्हर्सिटीत तयार झालेला खुंट आहे, झाड साधारण ३-४ मीटरवर थांबतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दिसायला लागतं, मात्र मुळं वरवर राहतात म्हणून काठीचा आधार कायम ठेवायचा आणि कोरड्या उन्हाळ्यात पाणी द्यायचं. लावणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाणी साचतं तिथे अजिबात नको. कलमाचा जोड मातीच्या १० सेंटीमीटर तरी वर हवा, तो गाडला गेला तर वरच्या भागाला मुळं फुटतात आणि झाड ठेंगणं राहतच नाही.

आता व्हरायटी. बऱ्याचशा गोड चेरींना स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, त्यामुळे एकाच व्हरायटीची दोन झाडं लावूनही उपयोग शून्य. माझी पसंती रेगिना आणि कोर्डिया या जोडीला, दोघींना फुलं उशिरा येतात त्यामुळे एकमेकींना पराग मिळतो आणि एप्रिलच्या थंडीतूनही वाचायचा चान्स जास्त (उमललेलं फूल उणे २ डिग्रीच्या आसपास मरायला लागतं). रेगिना हॅम्बुर्गजवळच्या आल्टेस लांडमधली, पावसात ती इतरांपेक्षा कमी तडकते. पिकत आलेलं फळ सालीतूनच पाणी ओढतं आणि फुटतं, जर्मनीतला जून-जुलैचा पाऊस बघता हा गुण फार मोठा आहे. जागा एकाच झाडाची असेल तर लापिन्स, सनबर्स्ट किंवा स्टेला, यांना जोडीदार लागत नाही.

सगळ्यात जास्त त्रास फळमाशीचा. हिरवं फळ पिवळसर व्हायला लागलं की चेरीची माशी अंडी घालते, म्हणजे लाल झाल्यावर जाळी टाकणं ही उशिराची धावपळ, मधमाश्यांचं काम संपून फळ धरलं की लगेच टाका. ०.८ मिलिमीटरची बारीक जाळी घेतली तर सुझुकी माशीही (पिकणाऱ्या फळात अंडी घालणारी दुसरी, आणखी बारीक माशी) आत येत नाही, पक्षी तर नाहीच. पडलेली फळं रोज उचला, नाहीतर अळ्या मातीत जाऊन कोष करतात आणि पुढच्या वर्षी तिथूनच माश्या निघतात. बर्लाटसारखी लवकर पिकणारी व्हरायटी यातून बरीचशी सुटते.

छाटणी फळं काढल्यावर, उन्हाळ्यातच करा, थंडीत केलेल्या जखमा लवकर भरत नाहीत आणि तिथून रोग शिरतात.

तोडणीची घाई नको. चेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही, झाडावर जेवढी गोड झाली तेवढीच. देठासकट तोडा, पण देठामागचा आखूड फुटवा तुटू देऊ नका, पुढच्या वर्षीच्या कळ्या त्याच्यावरच असतात.