ट्रेन बंद पडली की काय करायचं: एडिसनकडे नवीन आलेल्यांसाठी

न्यू जर्सीत एडिसन, आयसेलिन, मेट्युचनकडे राहून न्यू जर्सी ट्रान्झिटच्या ट्रेनने न्यूयॉर्कला नोकरीला जाणार असाल तर हे वाचा. बँक खातं, सोशल सिक्युरिटी, लायसन्स याबद्दल दहा जण सांगतील. गाडी बंद पडल्यावर काय करायचं हे कोणी सांगत नाही, कारण जुनी मंडळी त्या दिवशी खुशाल घरून काम करतात.

आपली माणसं घर बघताना शाळेचं रेटिंग, देशी किराणा आणि देऊळ बघतात. स्टेशन सगळ्यात शेवटी. स्वतःची कार नसेल तर मेट्रोपार्क किंवा एडिसन स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर घ्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

आता मुख्य गोष्ट. ट्रान्झिटच्या ॲपवर ‘सस्पेंडेड’ (गाड्या बंद) दिसलं की आधी हे वाचा: कुठून कुठपर्यंत?

हडसन नदीखालच्या बोगद्यात घोटाळा असेल तर वाट आहे. दोनच रुळांचा हा बोगदा 1910 सालचा, त्यात 2012 च्या सँडी वादळात खारं पाणी शिरलेलं. अशा वेळी न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनात बोर्डाकडे बघत उभे राहू नका. बाहेर पडून सहाव्या ॲव्हेन्यूला या, 33व्या रस्त्यावर पाथ (न्यू जर्सीला जाणारी वेगळी मेट्रो) पकडा, जर्नल स्क्वेअरला गाडी बदला आणि नेवार्कला उतरा. त्या स्टेशनचं नावही पेन स्टेशनच, तेव्हा गोंधळू नका. पुढे आपल्या बाजूची ट्रेंटनची गाडी. ट्रान्झिटचं तिकीट पाथवर चालतं, पण तसं जाहीर झालं असेल तरच.

नेवार्कच्या अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला, विजेची तार तुटली असेल तर मात्र पाथने जाऊन उपयोग नाही; नेवार्कला अडकाल. मग 42व्या रस्त्यावरचं पोर्ट अथॉरिटी बस टर्मिनल गाठा आणि घराच्या जवळपास सोडेल ती बस घ्या. हे मार्ग एखाद्या निवांत शनिवारी एकदा करून बघा. आपल्या रेल्वेमार्गावर विजेच्या गाड्या 1930 च्या दशकात आल्या, तारांचा सांगाडा अजून बराचसा तेव्हाचाच. एवढा श्रीमंत देश, पण उन्हाळ्यात तारा सैल पडल्या की सगळे फलाटावर.

मधेच गाडी थांबली तर आपल्याकडच्यासारखं उडी मारून रुळांतून चालू लागू नका. शेजारच्या रुळावरून असेला ही वेगवान एक्सप्रेस सुसाट जाते.

संप हे वेगळंच प्रकरण. 16 मे 2025 ला ट्रान्झिटचे सुमारे 450 इंजिनचालक संपावर गेले आणि सगळ्या गाड्या थांबल्या. बस आणि लाइट रेल चालू होत्या. रविवारी समझोता झाला, गाड्या मंगळवारी सुरू झाल्या. तारीख कितीतरी आधीपासून बातम्यांत होती! तरी आमच्या कॉम्प्लेक्समधला एक नवा मुलगा व्हॉट्सॲपवरच्या ‘काही होत नाही रे’वर विसंबला. शुक्रवारी जाता-येता टॅक्सी केली, आणि बिल बघून गप्पच झाला. ट्रान्झिट स्वतः सांगत होतं, जमेल त्यांनी घरून काम करा. ग्रुपवरच्या काकांचं ऐकू नका. तारीख कळली की त्याच दिवशी मॅनेजरला विचारा आणि परवानगी मेलवर घ्या. व्हिसावर असाल तर नुसत्या तोंडी होकारावर विसंबू नका.

एकेरी तिकिटं गठ्ठ्याने घेऊन ठेवू नका. जुलै 2024 पासून ती 30 दिवसांत बाद होतात. आणि तिकीट गाडीत चढण्याआधीच काढा, गाडीत काढलं तर 5 डॉलर जास्त पडू शकतात.