जुनी क्लासिक गाडी हाती लागली? रिस्टोर करायची की पार्ट्स काढायचे हे ठरवताना या चुका टाळा

कुणाच्या तरी शेडमध्ये वीस-पंचवीस वर्षं ताडपत्रीखाली पडलेली गाडी मिळते, हाताने धूळ पुसली की खाली क्रोमचा बंपर चमकतो आणि तिथंच आपली विकेट पडते. मग सल्ले सुरू. एक मित्र म्हणतो अरे सोनं आहे, रिस्टोर कर, दुसरा म्हणतो इंजिन-गिअरबॉक्स काढून घे आणि बाकी दे भंगारात. दोघांपैकी एकानेही गाडीखाली डोकं घातलेलं नसतं. मी हे दोन्ही करून बसलोय, एक गाडी उभी केली आणि एक फोडली, आणि जी फोडली ती खरं तर फोडायची नव्हतीच.

आधी पाना, मग विचार

माझी मोठी चूक हीच. गाडी होती फोक्सवॅगन बीटल. घरी आली त्याच रविवारी उत्साहाच्या भरात मी फेंडर, बंपर, सीटा, दारं सगळं खोललं, कारण बीटलचे फेंडर नुसते बोल्टवर असतात आणि इंजिनही गिअरबॉक्सला चारच बोल्टवर, त्यामुळे खोलायला मजा येते. बोल्ट कुठले कुठे ते लिहिलं नाही, फोटो चार-पाच काढले तेही हललेले. दीड वर्षाने माझ्याकडे गाडी नव्हती, अठरा खोके होते. खोक्यातली गाडी विकायला गेलात तर समोरचा आधी विचारतो "सगळं आहे का?" आणि तुम्हाला छातीठोक हो म्हणता येत नाही. शेवटी तिचे पार्ट्सच विकले गेले, म्हणजे निर्णय मी घेतलाच नाही, तो आपोआप झाला.

म्हणून ठरेपर्यंत काही खोलू नका. फार तर कार्पेट उचला, सीट काढा, स्टेपनी बाहेर घ्या, प्लग काढा. बाकी वही, टॉर्च आणि मोबाईल.

इंजिन चालू झालं म्हणजे गाडी चांगली

नाही. इंजिन ही जुन्या गाडीतली त्यातल्या त्यात सोपी गोष्ट आहे. बोअर करता येतो, क्रँक ग्राइंड होतो, हेड फेसिंग होतं, अगदीच नाही तर दुसरं इंजिन मिळतं. पत्रा सडला की मात्र खरं काम, त्यात वेल्डिंगचे तास मोजता मोजता वही संपते.

आधी बघा गाडी कशावर बांधलीय. चॅसी (खालचा सांगाडा) वेगळी आणि बॉडी वेगळी असेल तर बॉडी उचलून खालचं काम करता येतं. मोनोकॉक असेल, म्हणजे बॉडी हीच चॅसी, तर सिल (दाराखालची लांब पोकळ पट्टी), फ्लोअर, सस्पेन्शन जिथे बोल्ट होतं त्या जागा, ए-पिलरचा म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाचा तळ हे सगळं मिळून गाडी उभी असते, आणि यातल्या तीन-चार जागा एकदम गेलेल्या असतील तर मी तरी दोनदा विचार करेन. बीटल थोडी मधली, खाली फ्लोअरपॅन आणि वर बोल्टने बसवलेली बॉडी, पण दारांखालून हीटरची गरम हवा नेणारे जे चॅनल जातात तेच सिलचं काम करतात आणि नेमके तेच आतून सडतात.

तपासायची पद्धत साधी. एक छोटं लोहचुंबक मोज्यात घाला म्हणजे पेंटवर ओरखडे नकोत, आणि दाराखालच्या कडेने, चाकांच्या कमानींवरून, डिकीच्या कोपऱ्यांतून फिरवा. पत्र्यावर ते चिकटून घसरतं, पुट्टीवर आलं की अचानक हलकं होऊन सुटतं (बॉडी ॲल्युमिनियम किंवा फायबरची असेल तर अर्थातच हे चालणार नाही). माझ्या बीटलच्या डाव्या सिलवर वीतभर लांबीत चुंबक चिकटलंच नाही. मालकाला विचारून तिथे स्क्रूड्रायव्हर दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला, आणि बाहेर काय आलं तर पुट्टीचा लपका आणि त्यामागे कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. वरून कीर्तन, आतून तमाशा. वरचा पेंट तोपर्यंत आरशासारखा होता हां!

दाराची गॅप पण बघा. दार मधोमध उचलून बंद करावं लागत असेल तर एक तर बिजागरी झिजलीय नाहीतर गाडी मधून बसलीय, आणि कोणतं ते ओळखायला दार अर्धं उघडून टोकाला धरून वर-खाली हलवा. खटखट झाली तर बिजागरी, दार घट्ट आहे तरी गॅप वर अरुंद आणि खाली रुंद तर सिलकडे संशयाने बघा. असली गाडी रिस्टोर करायचीच असेल तर सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या पट्ट्या वेल्ड करून आधार द्या, नाहीतर नवीन सिल छान बसेल आणि दार आयुष्यात बंद होणार नाही.

गाडी हलत नाही म्हणजे इंजिन जाम, इंजिन जाम म्हणजे भंगार

दोन्ही घाईचे निष्कर्ष. न्यूट्रलमध्ये असूनही हलत नसेल तर बहुतेक वेळा ब्रेक धरलेले असतात, लायनर गंजून ड्रमला चिकटतं. एकेक चाक जॅकवर घेऊन फिरवा, कळेल. ड्रम उघडलात तर आतली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.

इंजिन खरंच जाम असेल तर गाडी ओढून गिअरमध्ये टाकायचा किंवा स्टार्टर मारायचा मोह आवरा. सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं गंज सोडवणारं तेल सोडा, चार-आठ दिवस विसरून जा, मग क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने हळू पुढे-मागे करा. केसभर हलली तरी आशा आहे. रिंगा चिकटलेली बरीच इंजिनं अशी सुटतात. सुटलं तरी लगेच चालू करू नका, टाकीतलं जुनं पेट्रोल घट्ट वार्निशसारखं झालेलं असतं, ते ओढलं तर कार्ब्युरेटर आणि कधी कधी व्हॉल्व्हसुद्धा चिकटतात. डब्यातून ताजं पेट्रोल द्या, मग कॉम्प्रेशन मोजा.

छोट्या वस्तू किरकोळ समजणं

हत्ती जातो आणि शेपूट अडकतं ते इथे. पुढची काच, टेललाइटच्या लेन्स, दरवाज्याची हँडल्स, डॅशबोर्डची घड्याळं, खिडकीची बीडिंग. हलक्या जस्ती धातूच्या ओतीव वस्तूंवर क्रोमखाली फोड आले असतील तर पुन्हा क्रोम करणं फार किचकट असतं, खड्डे भरूनच येत नाहीत.

इथे गाडीचं मॉडेल निर्णय फिरवू शकतं. बीटल 1938 ते 2003 या काळात दोन कोटींच्या वर बनल्या, त्यामुळे फ्लोअरपॅनपासून रबरापर्यंत नवीन बनवलेले पार्ट्स मिळतात. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची तर 1988 पासून अख्खी नवी बॉडीशेल मूळ साच्यांवर बनवलेली मिळायला लागली. म्हणजे अशा गाड्यांत सडलेला पत्राही मरण नाही. उलट कमी बनलेली एखादी चार दारांची सेडान पत्र्याने ठणठणीत असेल पण तिची पुढची काच फुटलेली असेल, तर आधी काच शोधा, मग बाकी स्वप्नं बघा.

नंबर न बघता इंजिन विकून टाकणं

पैसे लवकर सुटतात म्हणून लोक आधी इंजिन विकतात. अरे थांबा! गाडीत फॅक्टरीचंच इंजिन आहे का ते चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि कागद समोर ठेवून ताडून बघा (बीटलचा चॅसी नंबर मागच्या सीटखाली, फ्लोअरच्या मधल्या उंचवट्यावर म्हणजे टनेलवर ठोकलेला असतो). मूळ इंजिन असलेल्या गाडीची किंमत वेगळी, आणि एकदा ते गेलं की परत जोडी जमत नाही. 17 आकडी-अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर) 1981 नंतरची पद्धत, त्याआधी प्रत्येक कंपनीचं आपलं वेगळं असायचं, त्यामुळे नंबर छोटा दिसला म्हणून बनावट समजू नका. आणि एका गाडीची प्लेट काढून दुसऱ्या शेलवर लावायची आयडिया कुणी दिली तर हात जोडा, बऱ्याच देशांत तो सरळ गुन्हा आहे. कागद अजिबातच नसतील आणि नवे निघायची शक्यता नसेल तर मात्र पार्ट्सचं पारडं जड होतं, रस्त्यावर न येणारी गाडी रिस्टोर करून बघत बसणार का?

पार्ट्सचा हिशोब फुगवून करणं

ऑनलाइन लोकांनी लावलेल्या किमतींची बेरीज करून "पार्ट्समध्ये तिप्पट सुटतील" असं वाटतं. लावलेली किंमत आणि विकलेली किंमत यात फरक असतो, हे एक. दुसरं, तुमच्या गाडीचा जो भाग सडलाय तोच त्या मॉडेलच्या सगळ्यांचा सडतो, म्हणजे ज्याला गिऱ्हाईक आहे नेमकं तेच तुमच्याकडे नाही, आणि तुमच्याकडे चांगला उरलेला मागचा ॲक्सल सगळ्यांकडेच चांगला उरलाय. पहिल्या महिन्यात चार-पाच चांगल्या वस्तू उडतात, मग दोन वर्षं वायपर मोटरचे फोटो पाठवत बसा. जागा अडते ती वेगळीच.

रिस्टोरचा हिशोबही खोटाच असतो म्हणा, मी माझ्या अंदाजाला दोनने गुणतो आणि तरी कमी पडतं.

तिसरा रस्ता विसरणं

फोडायची की नवी करायची एवढेच पर्याय नसतात. आहे तशी विकता येते, किंवा ब्रेक, टायर, वायरिंग, पेट्रोल लाइन नीट करून जुन्या पेंटसकट चालवता येते. फ्रान्समधलं बायों कलेक्शन 2015 मध्ये पॅरिसला लिलावात निघालं तेव्हा गाड्या धुळीसकट ठेवल्या होत्या, त्यातली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर तर जुन्या मासिकांच्या ढिगाखाली सापडलेली. आपल्या शेडमध्ये फेरारी नसते हे मान्य, पण मूळ पेंट एकदाच असतो, तो घासायच्या आधी महिनाभर गाडी तशीच ठेवून बघा.

फोडायचंच ठरलं तर

एसी असेल तर गॅस हवेत सोडू नका, नव्वदच्या दशकाआधीच्या गाड्यांत आर-12 नावाचा गॅस असतो आणि तो ओझोनचा थर खातो म्हणून 1987 च्या मॉन्ट्रियल करारात त्यावर बंधनं आली, काढून घेणारा माणूस बोलवा. कॉइल स्प्रिंग कंप्रेसरशिवाय सोडू नका, तोंडावर येते. वायरिंग हार्नेस कापू नका, कनेक्टरपासून सोडवा, अख्ख्या हार्नेसला गिऱ्हाईक असतं आणि तुकड्यांना नसतं. बोल्ट ज्या वस्तूचे त्याच वस्तूला पिशवीत बांधा. काचा उभ्या ठेवा. आणि चाकं सगळ्यात शेवटी काढा, कारण उरलेलं शेल एक दिवस ढकलत ट्रकपर्यंत न्यायचं असतं आणि तेव्हा मदतीला कुणी येत नाही.