घरच्यांसाठी कन्सोल घेताय? मग आधी हे बघा
जळगावात मे महिन्यात दुपारी कोण बाहेर पडतंय, मग पोरं कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रासाठी, मागे लागतात, तर भाऊ आधी खेळणार कोण ते ठरवा. एकटं पोरगंच तासन्‌तास बसणार असेल तर प्लेस्टेशन नाहीतर एक्सबॉक्स घ्या, पण काकू, आजोबा, आलेगेले पाहुणे पण खेळणार असतील तर ग्राफिक्सच्या नादी लागू नका. निन्टेन्डो कंपनीचा ‘वी’ हा कन्सोल 2006 मध्ये आला तेव्हा ताकदीत प्लेस्टेशन 3 (पीएस 3) च्या जवळपास पण नव्हता, तरी 10 कोटींच्या वर खपला, कारण रिमोट रॅकेटसारखा फिरवला की टेनिस सुरू, बटणं शिकायची भानगडच नाही, आणि अमेरिकेत तर तो गेम डब्यातच यायचा.

दुकानात कंट्रोलर घरातल्या सगळ्यात नवख्या माणसाच्या हातात द्या, त्याला पाच मिनिटांत मजा नाही आली तर राहू द्या. डाव छोटा हवा, मध्येच शेवभाजीला फोडणी द्यायला उठलं तरी चालेल असा. दुसऱ्या कंट्रोलरचे पैसे आधीच धरा, हे सगळे विसरतात. पीएस 5 ची डिजिटल एडिशन स्वस्त पडते पण सोबत डिस्क ड्राइव्ह नसतो, म्हणजे वेगळा ड्राइव्ह जोडल्याशिवाय सेकंडहँड डिस्कचा विषयच संपला. आणि लाइट सारखी जात असेल तर सरळ मोबाईलवर लुडो किंग टाका, ऑफलाइन चालतो, एकाच फोनवर चौघं खेळतात.